पाचवी खुर्ची

आम्हाला भांडवल मिळाल्याचं कळलं त्या संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या. मयताला भेटायला येतात तशा आल्या. पांढरं, बारीक काठांचं सुती पातळ, हातात छत्री, पायांत पुरुषी चपला. ओटीवर भिंतीला टेकून बसल्या. आईने नारळाच्या वड्या केल्या होत्या. ती ताटली घेऊन बाहेर आली तर बाईंनी हात जोडले. "आज नको," म्हणाल्या. मग माझ्याकडे आणि माझा भागीदार दत्ताराम याच्याकडे बघून म्हणाल्या, "झालं ते झालं. आता जपून राहा." आणि उठून गेल्या.

आईला ते फार लागलं. "एवढी शिकलेली बाई, पण वडीला हातसुद्धा लावलान नाही," असं ती पुढे कित्येक दिवस म्हणत होती. मला तितकं लागलं नाही, कारण बाई सगळ्यांकडेच अशा जात. गावात कुणाला मोठं कर्ज मंजूर झालं, कुणाच्या धंद्यात बाहेरचा भागीदार आला, की संध्याकाळी बाई त्यांच्या ओटीवर. लोक हसायचे. काहींना अपशकुन वाटायचा. बाईंना दोन्ही कळत होतं, पण त्यांनी जाणं सोडलं नाही.

बाई म्हटलं की आमच्याकडे शाळेतली शिक्षिका डोळ्यांपुढे येते. या शिक्षिका नव्हत्या. मुंबईत कारखानदारांना पैसा पुरवणाऱ्या एका मोठ्या संस्थेत त्यांनी बरीच वर्षं काढली होती, आणि शेवटची काही वर्षं नव्या कंपन्यांत भांडवल घालणाऱ्या एका फंडात. त्याला व्हेंचर कॅपिटल म्हणतात हे आम्ही पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. लग्न केलं नव्हतं. अठ्ठ्याण्णव साली, कोकण रेल्वे नुकती धावायला लागली होती तेव्हा, दोन ट्रंका आणि एक लोखंडी कपाट घेऊन त्या रत्नागिरीत, झाडगावातल्या वडिलांच्या लहानशा घरात येऊन राहिल्या. आल्या तेव्हाच थकलेल्या होत्या. पुढे कधी त्यांना ताजंतवानं पाहिल्याचं मला आठवत नाही.

घराला कुलूप नसे, फोनला असे. डायलवर लावायचं ते छोटं पितळी कुलूप, किल्ली कमरेला. कुणी फोन करू का म्हणून विचारलं तर म्हणत, "तुला गरज आहे की त्याला? त्याला असेल तर तो करील." त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, किंवा त्या ठेवत नसत. जो ज्या धंद्याचा विचार घेऊन आला तेच त्याचं नाव. एक 'कोकम' होता, एक 'बर्फ' होता, मी 'काजू' आणि दत्ताराम 'मशीन'. दोन हजार सालच्या सुमाराला सगळं जग इंटरनेटवर चाललं होतं, तेव्हा एक हुशार मुलगा इंटरनेटवरून हापूस विकायची कल्पना घेऊन आला, तो 'पेटी'. तासभर तो बोलला. अमेरिका, दुबई, लंडन, सगळीकडे पेट्या पाठवून झाल्या. बाईंनी विचारलं, "जूननंतर काय करणार?"

तो म्हणाला, "जूननंतर पुढच्या सीझनची तयारी."

"आणि तुझी माणसं? ती काय खाणार, पुढच्या वर्षीचा मोहोर?"

तो रागावून गेला. पुण्यात त्याला भांडवल मिळालं, मोठं ऑफिसही थाटलं, आणि दुसऱ्या वर्षी सगळं बंद करून तो परत आला. तेव्हा मात्र बाईंनी त्याला जेवायला बोलावलं, पोट भरून वाढलं आणि त्या विषयावर एक शब्दही काढला नाही.

लोकांचं ऐकताना त्या सुपारी कातरत. मागे पोफळीची झाडं होती, त्यांचीच सुपारी. स्वतः कधी खात नसत. कातरून शेजारीपाजारी वाटून टाकत. समोरचा बोलत असला की अडकित्ता चालू. तो थांबला की समजायचं, बाईंना काहीतरी पटलं आहे. बऱ्याच जणांनी तो थांबलेला पाहिलाच नाही.

आमच्या वेळी तो थांबला होता. दत्ताराम आणि मी रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकला एका वर्गात होतो. तो लांज्याच्या आतल्या गावचा. त्याचे वडील आयुष्यभर मुंबईला, आणि आई घरी काजू बिया फोडून देण्याचं काम करायची. काजूच्या टरफलात तेल असतं, ते हाताला लागलं की कातडी जळते. राख किंवा गोडं तेल चोळून बायका ते काम करतात, तरी बोटं काळी पडून सोलवटतातच. दत्तारामला लहानपणी आई हाताने भरवत नसे, भात तिखट लागतो म्हणून. त्याने मिरजोळ्याच्या एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये एक मशीन बनवलं होतं. त्यात बी टाकली की ती आपोआप नीट आडवी बसायची, पातं तिच्या मापाने पुढे यायचं आणि टरफल फुटून आत गर आख्खा राहायचा. आख्ख्या गराला भाव असतो, तुटलेल्या पाकळीला नसतो. मी मुंबईची नोकरी सोडून त्याच्याबरोबर आलो होतो. मशीन त्याचं, बाकीची सगळी धावपळ माझी.

बाईंकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी जय्यत तयारी करून गेलो होतो. देशात काजू किती, कारखाने किती, वगैरे. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "कोण घेणार ते नको सांगू. ते सगळे सांगतात. कोण घेणार नाही, आणि का, ते सांग."

दत्ताराम म्हणाला, "ज्याच्याकडे तीन-चार बायका बसून फोडतात, तो नाही घेणार. त्याला हे फार मोठं आहे. त्याच्यासाठी लहान बनवायचं आहे मला, ओटीवर राहील असं. पण आधी हे चाललं पाहिजे."

तिथे अडकित्ता थांबला. बाईंनी त्याचे हात मागून घेतले आणि उलटसुलट करून पाहिले, ज्योतिषी बघतो तसे. मग म्हणाल्या, "हे मशीन चालेल. पण तुम्हाला भांडवल कशाला हवंय?"

"वाढायला," मी म्हणालो.

"किती वाढायला?"

मी हातातले कागद चाळायला लागलो.

काही दिवसांनी त्यांनी आम्हाला मिरकरवाड्याच्या जेटीवर बोलावलं. सकाळची वेळ, बोटी लागल्या होत्या, लिलाव चालू होता. एका बोटीवरून सुरमई उतरत होती. बोटीचा मालक, पिळदार, उन्हाने रापलेला माणूस, टोपल्या मोजून देत होता. बाजूला छत्रीखाली एक व्यापारी खुर्ची टाकून बसला होता.

"ही बोट कोणाची?" बाईंनी विचारलं.

दत्तारामने मालकाकडे बोट दाखवलं.

"कागदावर त्याचीच. इंजिनाला पैसे कमी पडले तेव्हा त्या छत्रीवाल्याने दिले. आता मासळी त्यालाच द्यायची, भाव तोच सांगणार. तो वाईट माणूस नाही हां. बोट बुडाली तर त्याचाही पैसा बुडतो, आणि तो ते सोसतो. म्हणून तर त्याला भाव ठरवायचा असतो." मग म्हणाल्या, "मी जन्मभर त्या छत्रीखाली बसले होते. तिथून समुद्र छान दिसतो."

परत येताना रिक्षात त्यांनी आम्हाला जे सांगितलं, ते मी नंतर अनेक तरुण पोरांना सांगितलं आहे, आणि बहुतेकांनी ते माझ्यासारखंच ऐकून सोडून दिलं आहे. फंडाचा पैसा फंडाचा नसतो. विमा कंपन्या, बँका, मोठे धनिक यांचा तो असतो, आणि ठरलेल्या वर्षांनी वाढवून परत द्यायचा असतो. फंड पुष्कळ कंपन्यांत पैसा घालतो. त्यातल्या बऱ्याचशा मरतात, काही नुसत्या जगतात, एखादी भरमसाट मोठी होते आणि सगळ्यांचं नुकसान भरून काढते. त्यामुळे ते तुमच्याकडे बघतात ते, तुम्ही ती एखादी होऊ शकाल का, एवढ्याच नजरेने. "त्यांना चांगला धंदा नको असतो रे," बाई म्हणाल्या. "मोठा धंदा हवा असतो. चांगला, सावकाश चालणारा, पोटापाण्याला पुरणारा, तो त्यांच्या दृष्टीने मेलेलाच. तुमचा कुठला आहे ते आधी तुम्ही ठरवा. ते आल्यावर ठरवायला वेळ मिळणार नाही."

आम्ही ठरवलं. म्हणजे मी मोठा म्हणालो, आणि दत्ताराम म्हणाला, मोठ्यातून पैसा आला की लहान मशीन करता येईल. दोघांचं एकच म्हणणं आहे असं आम्हाला वाटलं.

फंडाचा माणूस मुंबईहून आला. माझ्याच वयाचा, नम्र, कोकणी जेवणाचं मनापासून कौतुक करणारा. बाईंच्या हाताखाली तो कधीकाळी शिकाऊ म्हणून होता, त्यांना 'मॅडम' म्हणे आणि त्यांच्यासमोर बसताना जरा अवघडून बसे. त्याला मशीन आवडलं. बोलणी करायला मुंबईला या म्हणाला.

जायच्या आदल्या दिवशी बाईंनी आमची तालीम घेतली. ओटीवरचं टेबल मध्ये ओढलं, पलीकडे स्वतः बसल्या, चष्मा बदलला आणि एकदम दुसऱ्याच कुणी झाल्या. आवाज गोड झाला. आम्हाला अहो-जाहो करायला लागल्या. "आपण एकत्र ही कंपनी मोठी करणार आहोत," असं सुरुवातीलाच म्हणाल्या, आणि लगेच नेहमीच्या आवाजात, "ऐकलंत? ते 'आपण' म्हणतील. जिथे जिथे 'आपण' येईल तिथे तुम्ही 'आम्ही' ऐका." मग पुन्हा गोड आवाज.

एकेक अट त्यांनी मांडली. कंपनी विकली गेली तर आधी फंडाचा पैसा परत, उरेल ते सगळ्यांत. तुमचे शेअर तुमचेच, पण ते तुमच्या हातात दर वर्षी थोडे थोडे येतील. मध्येच सोडून गेलात तर राहिलेले गेले. पुढे कमी भावाने पैसा उभारावा लागला तर फंडाचा हिस्सा वाढेल, तुमचा घटेल. मी माझ्या परीने उत्तरं देत होतो. मग त्या दत्तारामकडे वळल्या.

"बोर्डाला असं वाटतं की उत्पादनाची जबाबदारी आता अनुभवी माणसाकडे द्यावी. तुम्ही सल्लागार म्हणून राहालच."

"मशीन माझं आहे," दत्ताराम म्हणाला.

"मशीन कंपनीचं आहे. तुम्हीच तसं लिहून दिलं आहे."

"मी बनवलं ते."

"त्याबद्दल आम्हाला फार आदर आहे."

दत्ताराम उठला आणि चपला घालून चालायला लागला. बाईंनी त्याला हाक मारली नाही. चष्मा काढून डोळे चोळत बसल्या. तो फाटकापर्यंत जाऊन परत आला, पायरीवरच बसला.

"हे मी खरोखर केलेलं आहे," बाई म्हणाल्या. "असंच, याच शब्दांत. पंपाचं सील बनवणारा माणूस होता. फार चांगलं बनवायचा, पण कंपनी त्याला सांभाळता येत नव्हती. आम्ही चहा झाल्यावर त्याला काढलं. त्याने एवढंच विचारलं, माझी खुर्ची नेऊ का, पाठीचं दुखणं आहे, मी घरून आणली होती. पुढे तो विमा एजंट झाला. माझ्याकडे पॉलिसी घेऊन आला. मी घेतली. अजून हप्ते भरते."

"त्याला काढलंत ते चुकलं का?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "कंपनी जगली. बरोबरच होतं ते."

मग दत्तारामला म्हणाल्या, "आज उठलास ते ठीक. तिथे उठू नको. आणि बाकी सगळं देऊन टाका, पण बोर्डाची पाचवी खुर्ची कोणाची, ते पक्कं केल्याशिवाय सही करू नका. दोन तुमच्या, दोन त्यांच्या. भांडण झालं की पाचवा ठरवतो."

मुंबईत आम्ही बाकी जवळजवळ सगळं देऊन टाकलं. पाचव्या खुर्चीवर मात्र अडून बसलो. नाव कोणाचं, असं त्यांनी विचारलं तेव्हा दत्ताराम म्हणाला, "बाईंचं." आम्ही आधी काही ठरवलं नव्हतं. समोरचे एकमेकांकडे बघायला लागले, मग बाईंचा तो पूर्वीचा शिकाऊ हसला आणि म्हणाला, "आमची काहीच हरकत नाही." त्याची हरकत का नव्हती, याचा विचार करायला मला पुष्कळ वर्षं लागली.

बाई आधी नाही म्हणाल्या. दत्ताराम रोज त्यांच्या ओटीवर जाऊन बसायचा. शेवटी त्या म्हणाल्या, "बसते. पण एक ऐक, मशीन. त्या खुर्चीत बसले की मी तुमची नाही. त्यांचीही नाही. मी कंपनीची. हे तुला आज गोड वाटतंय, पुढे वाटणार नाही." तो म्हणाला, "चालेल." शेअर नको, मानधन नको, मीटिंगला यायला रिक्षा पाठवा, एवढंच त्यांनी मागितलं. आणि भांडवल हाती आलं त्या संध्याकाळी त्या सांत्वनाला येऊन गेल्या.

पहिली दोन-तीन वर्षं बरी गेली. मशीनं विकली गेली, माणसं वाढली, पुण्याचा एक विक्री मॅनेजर आला. मग मोठं मशीन अजून मोठं करायचं ठरलं, दक्षिणेतल्या आणि परदेशातल्या कारखान्यांसाठी. दत्ताराम प्रत्येक मीटिंगला लहान मशीनचा विषय काढायचा. प्रत्येक वेळी तो पुढच्या मीटिंगवर जायचा. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. चार बायकांच्या ओटीवर बसणाऱ्या मशीनने फंडाचा पैसा त्याच्या मुदतीत परत येणार नव्हता, इतकं साधं होतं ते. बाई मीटिंगमध्ये क्वचितच बोलत. हिशेब मात्र बारकाईने बघत, आणि मीटिंग संपल्यावर रिक्षाची वाट बघत शेडच्या दारात उभ्या राहत. त्या वेळी दत्ताराम त्यांना कोरा चहा नेऊन द्यायचा, स्वतःही तोच प्यायचा.

मोठ्या मशीनला अपेक्षेपेक्षा फार वेळ लागला. एक मोठी ऑर्डर आली आणि रद्द झाली. फंडाची वर्षं संपत आली. एक दिवस तो मुंबईचा माणूस आला. त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते. त्याने प्रस्ताव ठेवला: दक्षिणेतली एक मोठी यंत्रं बनवणारी कंपनी आम्हाला विकत घ्यायला तयार आहे. जो भाव होता त्यातून फंडाचा पैसा आधी बाहेर पडला की आम्हा दोघांना फारसं काही उरत नव्हतं. करारात तसंच लिहिलेलं होतं. आम्हीच सही केलेली होती.

दत्ताराम म्हणाला, "नाही विकायची. वर्षभर थांबू. मोठं मशीन बाजूला ठेवू, लहान काढू. मी करून दाखवतो."

मुंबईचा माणूस थकून म्हणाला, "माझ्याकडे वर्ष नाही हो. माझाही फंड बंद होतोय. माझ्याही वर लोक आहेत."

मी दत्तारामच्या बाजूने हात वर केला. फंडाचे दोघे विक्रीच्या बाजूने होते, म्हणजे दोन विरुद्ध दोन झाले. सगळे बाईंकडे बघायला लागले. शेडमधली लेथ चालू होती, तिचा आवाज भिंतीपलीकडून येत होता.

बाईंनी दत्तारामला विचारलं, "शिमग्याचे पगार कुठून देणार?"

"बघू. उभे करू."

"कुठून?"

"बाई, तुम्हाला ठाव आहे मी करीन ते."

"मला ठाव आहे तू घर गहाण टाकशील," बाई म्हणाल्या. "आईच्या नावावरचं. ते दिवाळीपर्यंत पुरेल. मग?"

बाई मुंबईच्या माणसाकडे वळल्या. "माझ्या दोन अटी. शेडमधली माणसं कामावर राहतील, तसं लिहून हवं. आणि लहान मशीनची ड्रॉइंगं, आजवर त्यावर झालेलं सगळं काम, कंपनीच्या बाहेर काढून याच्या नावावर. घेणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही, ते देतील. नाही दिलं तर माझा हात खाली."

"मी बोलतो, मॅडम."

"आत्ता बोला. इथून फोन करा."

त्याने फोन केला. पलीकडच्यांनी होकार दिला. मग बाईंनी विक्रीच्या बाजूने हात वर केला. हात फार वर गेला नाही, टेबलापासून थोडासाच.

दत्ताराम उठला नाही. तिथे उठायचं नाही हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं. मीटिंग संपेपर्यंत बसला, कागदांवर सह्या केल्या, मग शेडमध्ये जाऊन एकेका माणसाशी बोलला आणि लांज्याला निघून गेला. बाई नेहमीसारख्या दारात रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. तो त्यांच्यासमोरून गेला. त्या दिवशी चहा झाला नाही.

मला नव्या मालकांनी नोकरी दिली. मी ती घेतली. माणसं काही वर्षं कामावर राहिली, मग मशीन बनवायचं काम दक्षिणेत गेलं आणि शेड दुसऱ्या कुणी घेतली. मशीनचं नाव बदललं. ते आजही विकलं जातं, चांगलं चालतं असं ऐकतो. मी दुसरीकडे लागलो, मग तिसरीकडे. आता पोरं माझ्याकडे सल्ल्याला येतात. बाईंचं तेव्हाचं वय आता मला फार लांब नाही. त्या इतक्या दमलेल्या का असत ते मला हल्ली कळतं. समोरचा बोलत असतो आणि तो कुठे जाऊन पोचणार आहे ते आपल्याला दिसत असतं, आणि सांगून उपयोग नसतो, तरी सांगायचं असतं.

दत्तारामने लांज्यात, घराच्या पडवीतच, लहान मशीन बनवायला घेतलं. एक झालं, ते विकलं, मग दुसरं. बाईंच्या घरी तो गेला नाही. मी मध्ये मध्ये जायचो. बाई त्याची चौकशी करत नसत. मीच सांगायचो. सांगताना अडकित्ता थांबायचा, आणि त्यांनी काही विचारायच्या आत पुन्हा सुरू व्हायचा.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. सांभाळायला पुतणी येऊन राहिली. त्यानंतरच्या पावसाळ्यात बाई गेल्या. त्याच्या थोडं आधीची ही गोष्ट. मी दत्तारामला फोन करून फक्त आजाराची बातमी दिली, ये म्हटलं नाही. दोन दिवसांनी तो सकाळच्या एसटीने रत्नागिरीला आला, माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चल."

बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. त्याला पाहून म्हणाल्या, "मशीन. बस."

तो बसला. मग बाईंनी विचारलं, "चार बायकांचं चालतं का?"

"चालतं. आमच्या वाडीत आहेत, शेजारच्या गावांतही गेलीत. आईच्या पडवीत आहे एक. ती हात लावू देत नाही कुणाला."

बाईंनी मान हलवली. मग डाव्या हाताने पुतणीला कपाटाकडे खूण केली. "माझ्याकडे थोडं आहे," त्या दत्तारामला म्हणाल्या. "जन्मात कधी स्वतःचं कुठे घातलं नाही. तुझ्यात घालते. हिस्सा नको. अटी नाहीत."

दत्ताराम खाली बघत राहिला. मला वाटलं, घेईल. त्याला गरज होती, ते मला माहीत होतं. पावसाळ्यात त्याच्या पडवीत पाणी यायचं आणि शेड बांधायची राहिली होती.

"नको, बाई," तो म्हणाला. "राग म्हणून नाही म्हणत. कोणाचंच नको. आहे ते पुरतंय. सावकाश चाललंय, चालू दे."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू हलत होती, त्यामुळे त्या हसल्या की नाही ते मला सांगता येणार नाही. पुतणी कपाटाशी किल्ली घेऊन थांबली होती. तिला त्या म्हणाल्या, "राहू दे ते. चहा टाक. त्याला कोरा."

चहा झाल्यावर आम्ही निघालो. मी त्याला माझ्या गाडीवरून हातखंब्याच्या तिठ्यापर्यंत सोडायला गेलो. तिथून त्याला लांज्याकडची एसटी मिळणार होती. तिठ्यावर टपऱ्यांपाशी आम्ही उभे राहिलो. हायवेवरून ट्रक जात होते आणि प्रत्येक वेळी धूळ अंगावर येत होती.

"त्या दिवशी बाईंनी हात वर केला नसता तर?" त्याने विचारलं.

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "दिवाळी झाली की बंद पडली असती," मी म्हणालो. "आणि तुझं घर गेलं असतं."

"ठाव आहे मला," तो म्हणाला. "तिथे बसलो होतो तेव्हाच ठाव होतं. म्हणून तर आलो नाही एवढे दिवस. कुठल्या तोंडाने येणार?"

लांज्याची गाडी आली. गच्च भरलेली होती. तो चढला, दारातच दांडीला धरून उभा राहिला, आणि गाडी वळेपर्यंत मला तसाच दिसत होता.